तुरुंगातून सुटलेल्या बाईच्या हातात औषधाचा कागद का नसतो?

पारिजात

तुरुंगातल्या बायकांच्या तब्येतीची बातमी अधूनमधून येते. २०१७ मध्ये भायखळ्याच्या जेलमध्ये मंजुळा शेट्ये मारहाणीत गेल्या तेव्हा आली, कोरोनात आली. सुटून बाहेर आलेल्या बाईच्या तब्येतीबद्दल मात्र कुणी काही बोलत नाही. ती सुटली म्हणजे सगळं मिटलं, असंच धरून चालतात.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत २३,७७२ बायका होत्या. एकूण कैद्यांच्या जेमतेम चार टक्के. आकडा लहान, म्हणून सोयही लहान. भायखळा, येरवडा सोडलं तर बहुतेक ठिकाणी पुरुषांच्याच जेलात भिंत घालून एक महिला विभाग.

मी सुटून आलेल्या बायकांबरोबर काम करते. त्या येतात तेव्हा अंगात रक्त कमी असतं, फरशीवर झोपून कंबर गेलेली असते. कुणाची पाळी बंद, कुणाची थांबत नाही. खरूज तर विचारूच नका. आणि जवळपास प्रत्येकीला झोपेची गोळी. नाव विचारलं की उत्तर ठरलेलं : "ती पांढरी, बारकी, अर्धी घ्यायची."

फाइल आतच राहते. बाहेर डॉक्टर विचारतात, आधी काय चालू होतं? "जेलात होते" म्हणवत नाही, मग "गावाला होते" म्हणून सांगतात. पुन्हा पहिल्यापासून तपासण्या, नाहीतर औषधच बंद. काही झोपेच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर फिटसुद्धा येऊ शकते, हे त्या बिचारीला कोण सांगणार?

सुटकेच्या दिवशी तिचं मंगळसूत्र, पैसे, पर्स असं सगळं यादीप्रमाणे सही घेऊन परत करतात. त्याच यादीत औषधाचा कागद आणि महिनाभराच्या गोळ्या घाला. माझी मागणी एवढीच आहे.

मध्यमवर्गीय

वाचून वाईट वाटलं, पण पटलं नाही. माझ्या आईला सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीसाठी दीड महिन्यानंतरची तारीख मिळाली. तिनं आयुष्यात कुणाचं दोन रुपयांचं वाकडं केलं नाही. तिच्यासाठी कुणी यादी करत नाही. ज्यांचं नुकसान झालं, ज्यांचा माणूस गेला, त्यांच्या झोपेच्या गोळ्यांची चौकशी कोण करतं? समाजसेवेचा ओघ नेहमी गुन्हेगाराकडेच का जातो, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

तारीख पे तारीख

@मध्यमवर्गीय, २०२२ च्याच आकडेवारीत एकूण कैद्यांपैकी पाऊणहून जास्त कच्चे कैदी होते. त्यांनी गुन्हा केलाय असं अजून कोर्टानंही म्हटलेलं नाही, तुम्ही मात्र म्हणून मोकळे झालात.

पण पारिजातताई, तुमचंही मला अर्धंच पटतं. शिक्षा भोगून सुटणारीची तारीख महिनोन्‌महिने आधी माहीत असते, तिच्यासाठी हे सहज जमेल. जामिनावर सुटणारीचं काय? आदेश निघतो, जामीनदाराचे कागद तपासले जातात, कधी आठ दिवस अडकतो, कधी एका दुपारीत होतं. आदेश संध्याकाळी जेलला पोचला की बाई दिवेलागणीला फाटकाबाहेर. त्या वेळी डॉक्टर घरी, औषधाच्या खोलीला कुलूप. मग काय, कागदासाठी तिला आणखी एक रात्र आत ठेवायची? असं कुणी केलं तर मी स्वतः अर्ज घेऊन कोर्टात उभा राहीन.

खलबत्ता

मी कारागृहाच्या दवाखान्यात औषधनिर्माता होतो. आता निवृत्त. कुठला ते सांगत नाही, जुने सहकारी वाचत असतील.

पारिजातताईंचं लिहिणं एकांगी वाटलं. कित्येक बायकांना आयुष्यात पहिल्यांदा दोन वेळचं जेवण वेळेवर आणि लोहाची गोळी रोज हातात मिळते ती जेलमध्येच. तीन-चार महिन्यांत रक्त वाढलेल्या बायका मी पाहिल्यात. बाहेर नवऱ्यानं दिलं असतं का हो?

आमचं खरं दुखणं वेगळं. मोठ्या हॉस्पिटलची तारीख मिळते, पण न्यायला पोलीस गार्ड मिळत नाही. गणपती आले, निवडणूक आली, कुणा मंत्र्याचा दौरा आला की बंदोबस्त आधी. बाईला न्यायला महिला पोलीसच लागते, त्यामुळे तिची तारीख हमखास बुडते. गर्भाशयाच्या तपासणीची तारीख तीन वेळा बुडाली की बाई विचारायचंच सोडून देते.

दुसरं म्हणजे, कागद बाहेर जातच नाही असं नाही. टीबीच्या पेशंटला 'निक्षय'चा, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीचा नंबर असतो, बाहेर गेली की तिच्या भागातल्या केंद्राकडे नाव वर्ग करता येतं. एचआयव्हीच्या औषधांचंही केंद्र बदलून मिळतं. ज्या रोगाला राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचा कागद सरकारच्या मागे लागलेला असतो. पाळीला, कंबरेला, झोपेला कार्यक्रम नाही. गोम इथे आहे. अधीक्षकाच्या निर्दयपणात शोधू नका.

पारिजात

खलबत्ताकाका, आत रक्त वाढलं हे मान्य. पण वाढलेलं रक्त टिकवायचं तर बाहेर तीच गोळी चालू राहायला हवी ना? तुम्ही माझंच म्हणणं भक्कम करताय!

गावाकडची मी

इथे सगळे 'कागद द्या, कागद द्या' म्हणतायत म्हणून लिहिते. माझ्या मावशीला कागद दिला होता. वर मोठ्या अक्षरात कारागृहाच्या रुग्णालयाचं नाव, खाली गोल शिक्का. तालुक्याच्या डॉक्टरकडे दाखवायला गेली, तर कंपाउंडर आमच्याच वाडीतला. संध्याकाळपर्यंत दोन गल्ल्यांत झालं. मावशीनं त्या दवाखान्यात परत पाय ठेवला नाही. बीपीची गोळी दुकानातून जुनं पाकीट दाखवून आणायची.

आणि मावशी निर्दोष सुटली होती, हेही सांगून ठेवते.

तारीख पे तारीख

यावर उपाय आहे, आणि तो नवा नाही. २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या आया आणि मुलांसाठी नियम घालून दिले. त्यात एक आहे : कैदी आईला मूल झालं तर जन्मनोंदीत जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहायचा नाही, फक्त त्या भागाचा पत्ता लिहायचा. मुलाच्या दाखल्याला जी मुभा, ती आईच्या केसपेपरला का नको? शिक्क्यात कारागृहाचं नाव असलंच पाहिजे असं वैद्यकशास्त्र कुठे म्हणतं?

खलबत्ता

अवघड नाही. आमच्याकडचे वैद्यकीय अधिकारी आरोग्य खात्याकडूनच आलेले असायचे. जिल्हा रुग्णालयाच्या कागदावर औषधं लिहायला त्यांना कुणी अडवलं नसतं. पण सुचलं नाही कुणाला, आणि वरून पत्र आल्याशिवाय सुचलेलं कुणी करतही नाही.

मध्यमवर्गीय

म्हणजे आता डॉक्टरपासूनही लपवायचं? डॉक्टरला पेशंटचा पूर्वेतिहास कळायलाच हवा. टीबी, खरूज हे दाटीतून येणारे आजार आहेत. ती कुठे राहत होती हे माहीत नसेल तर तो शोधेल कसा?

डॉ. अर्धवेळ

मी मानसोपचार बघते, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचते.

@मध्यमवर्गीय, "दाटीच्या ठिकाणी राहत होत्या का?" एवढ्या प्रश्नानं माझं काम भागतं. वसतिगृह, आश्रम, झोपडपट्टी, जेल, माझ्या दृष्टीनं सगळं सारखंच. सांगायचं की नाही ते तिनं ठरवावं. तिच्या वतीनं शिक्क्यानं सांगू नये.

पारिजात, महिनाभराच्या गोळ्या या मागणीला मात्र माझा ठाम विरोध आहे. सुटलेली बाई घरी जाते तेव्हा बऱ्याचदा घर उरलेलंच नसतं. नवऱ्यानं दुसरी आणलेली, मुलं सासूकडे, मुलगी ओळख दाखवत नाही. अशा बाईच्या हातात झोपेच्या तीस गोळ्या देणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. आठवड्याच्या द्या, आणि आठव्या दिवसाची ओपीडीची तारीख त्याच कागदावर लिहा. जिल्ह्याच्या मनोविकार विभागात दाखवता येतं. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. तोही त्याच कागदावर लिहा.

गावाकडची मी

डॉक्टर, आठव्या दिवशी ती येणार कशी? एसटीचं भाडं कोण देणार? मावशीचं रेशन कार्डातलं नाव सासरच्यांनी कमी केलं होतं. जीवनदायी योजनेच्या खिडकीवर पहिला प्रश्न, रेशन कार्ड. आता ती योजना राज्यातल्या सगळ्यांना केलीय, पाच लाखांपर्यंत केलीय, ऐकलंय मी. पण मग रहिवासाचा दाखला मागतात. दाखल्याला पत्ता लागतो. पत्ता कुठला द्यायचा? येरवडा?

पारिजात

@गावाकडची मी, मोठ्या ऑपरेशनसाठी हे लचांड आहेच. साध्या तपासणीसाठी एक मार्ग सांगते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथे, केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे गल्लत होते आणि बाया परत येतात.

डॉक्टर, महिन्याचा आठवडा करा, माझी हरकत नाही. कागदावर मात्र मी मागे हटणार नाही.

मध्यमवर्गीय

मी पुन्हा तेच विचारतो. रांगेत तिला माझ्या आईच्या पुढे घेणार का? तेवढं "नाही" म्हणा, मी गप्प बसतो.

पारिजात

नाही. तुमच्या आईच्या मागे उभी राहील. आणि आईंची तारीख दीड महिन्यावर का गेली, याचा जाब जेलमधल्या बायकांना कशाला? सोनोग्राफीच्या मशीनवर बसायला माणूस का नाही, असा धागा काढा, पहिली सही माझी.

मध्यमवर्गीय

बरं. मग कागदाला माझा विरोध नाही. बाकी सहानुभूतीचं बघू.

खलबत्ता

तारीखसाहेबांचा मुद्दा राहून गेला, संध्याकाळी सुटणारीचा. रात्रभर ठेवायची काही गरज नाही. संचित किंवा अभिवचन रजेवर, म्हणजे फर्लो-पॅरोलवर जाणाऱ्या बाईला आम्ही गोळ्या मोजून, पुडी बांधून द्यायचो, कारण ती परत येणार आणि आजारी होऊन आली तर आमच्याच डोक्याला ताप. सुटून जाणारीला द्यायचं कुणाच्या डोक्यात नसायचं. हीच पुडी प्रत्येक बाईच्या नावानं कायम तयार ठेवा, कागद तिच्यातच घालून. औषध बदललं की पुडी बदला. रात्रपाळीच्या शिपाई बाईनं फक्त हातात द्यायची.

तारीख पे तारीख

हे चालेल. काका, रजेच्या पुडीची नोंद कुठल्या रजिस्टरला करायचात? लेखी प्रथा दाखवता आली तर अर्जात मांडता येईल. मला व्यक्तिगत निरोप करा.