शकुंतलेचं ब्रॉडगेज झालं तर गावातलं स्टेशन गावातच राहील का?

मोतीबाग_फलाट
यवतमाळ–मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर–अचलपूर ७६. आपली अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची शकुंतला रेल्वे आता दोन्हीकडं बंद आहे. २०१६ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेजसाठी, म्हणजे रूळ रुंद करायला, पंधराशे कोटींची घोषणा झाली. तेव्हापासून निवडणूक आली की घोषणेवरची धूळ झटकली जाते, मतदान झालं की पुन्हा साचते.

ब्रॉडगेज मलाही हवं, पण एका अटीवर: स्टेशनं आहेत तिथंच राहावीत. ही लाइन कापूस उचलायला टाकलेली, म्हणून स्टेशन बाजाराच्या नि जिनिंगच्या अंगाला. लाडखेडसारख्या गावात म्हातारा माणूस पिशवी घेऊन चालत फलाटावर जायचा. स्टेशन मास्तर नसला तरी चालायचं, गार्डच तिकिटं फाडायचा. आज त्या फलाटांवर गोवऱ्या वाळतात आणि रुळांत बाभळी आहेत, पण जागा रेल्वेची आहे आणि मोक्याची आहे. ती सोडून चार किलोमीटरवर शेतात चकाचक स्टेशन बांधणार असाल तर ते गावाच्या काय कामाचं?

गेज_१६७६
अट भावनेला धरून आहे, रुळाला धरून नाही. अडीच फुटी गाडी कुठंही वळते, म्हणून जुनी लाइन नाल्याला, टेकाडाला वळसे घालत जाते. ब्रॉडगेजला इतकं कडक वळण चालत नाही, चढही जपावा लागतो. त्यात फलाट लांब हवा, मालगाडीला बाजूला थांबायला लूप लाइन हवी. गावाच्या पोटात हे बसवायचं तर किती घरं पाडायची तेही लिहा. ताशी वीसच्या आसपास रखडणारी गाडी लोकांनीच सोडली होती, हे विसरू नका.

लातूरकर_परगावी
आम्ही हे भोगलंय, म्हणून दोन शब्द. बार्शी लाइट या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेचं लातूर स्टेशन भर गावात होतं. ब्रॉडगेज झालं आणि स्टेशन बाहेर गेलं. सुरुवातीला लोक चिडले. पण त्याच फेरआखणीत धाराशिव रेल्वेवर आलं, ज्याला बार्शी लाइटनं कधी विचारलं नव्हतं. आता मुंबईची गाडी मिळते म्हटल्यावर स्टेशनपर्यंतच्या रिक्षाबद्दल कुणी बोलत नाही.

मोतीबाग_फलाट
लातूर शहर आहे हो. तिथं रात्री दोनला उतरलात तरी रिक्षा उभी असते. लाडखेडला कोण उभं राहणार? शिवाय तुमच्या धाराशिवला मिळालं ते लहान गावांच्या हिशेबात धरू नका.

वऱ्हाडी_ठेचा
दोघंबी हवेत बोलून राहिले भाऊ. टेसन गावात असो का गावाभाईर, बसते कोन त्याच्यात? कापूस ट्रकनं जिनिंगले जाते. बायायले एस्टीत अर्धं तिकीट, पंच्याहत्तरच्या वरच्या बुढ्यायले फुकट. कारंज्यापासून समृद्धी गेली. पंधराशे कोटी आधी पांदन रस्त्याले द्या, मंग गाडीचं पाहू.

अंजनगावची_लेक
ठेचाभाऊ, अर्धं तिकीट मान्य, पण एस्टी असली तर ना. शेवटची गाडी रद्द झाली की माहेरी मुक्काम ठरलेलाच.

आणि या धाग्यावर सगळे यवतमाळकडूनच बोलताहेत. यवतमाळला वर्ध्याकडून ब्रॉडगेज येतेच आहे; वर्धा–कळंब फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरूही झाली. अचलपूर फाट्याला दुसरं काहीच येत नाहीये. बनोसा म्हणजे आमचं दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट, इथल्या माणसाला मूर्तिजापूरला मुंबई–हावडा मुख्य लाइन गाठायची असते. स्टेशन दोन किलोमीटर सरकलं तरी चालेल, गाडी पुढच्या गाडीला जोडून हवी. जागेवर अडून बसलात तर अचलपूरचा नंबर सगळ्यात शेवटी लागेल.

जुनं_इंजिन
कुणीच म्हणत नाही म्हणून मी म्हणतो: अडीच फूटच ठेवा. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन या लाइनवर १९९४ पर्यंत धावलं. नेरळ–माथेरान जगवता येते तर ही का नाही?

गेज_१६७६
माथेरानला वर गेल्यावर माथेरान आहे. इथं वर काय आहे? आणि ‘या लाइनची अजून इंग्रजांना रॉयल्टी जाते’ हे कुणी लिहिण्याआधीच सांगतो: लाइन किलिक निक्सन या इंग्रजांनी काढलेल्या फर्मच्या कंपनीची, पण ही फर्म मुंबईची, आणि स्वातंत्र्यानंतर भारतीयांच्या हातात आलेली. दर वर्षी तीच बातमी नव्यानं फिरते.

मोतीबाग_फलाट
@अंजनगावची_लेक, तुमचा मुद्दा रास्त आहे. अचलपूरचं काम आधी करा, माझी हरकत नाही. पण ‘दोन किलोमीटर’ कागदावर असतात. नव्या लाइनवर रेल्वे फाटक देत नाही, खालून बोगदा देते, आणि काळ्या मातीत तो जून ते सप्टेंबर भरलेला असतो. ट्रॅक्टर अडतो तिथं डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई कुठून जाईल? स्टेशन बाहेर न्यायचंच असेल तर वरून पूल आणि गावापासून डांबरी रस्ता आधी मंजूर करा, रूळ नंतर.

वऱ्हाडी_ठेचा
म्हंजे शेवटी रस्ताच पायजे ना! मी काय म्हनलो होतो?

अंजनगावची_लेक
रस्ता पाहिजेच भाऊ. पण तुमच्या पांदणीवरून मला हावडा मेल पकडता येत नाही.