विषय: ब्रेंट बरोवरील टिपणाबद्दल

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

रविवारच्या मराठी शाळेतील मोठ्या मुलांसाठी मी आपल्या बरोवर (लंडनमधील स्थानिक कारभाराच्या विभागाला बरो म्हणतात) एक टिपण तयार करीत आहे. आरंभीचे वाक्य असे आहे: "ब्रेंट हे 1965 साली स्थापन झालेले, मुख्यतः गुजराती वस्तीचे लंडनचे उपनगर आहे." यात काही दुरुस्ती हवी असल्यास जाणकारांनी कृपया कळवावे.

शाळेतील एक शिक्षिका

---

बाई, स.न.वि.वि.

साल बरोबर आहे, परंतु त्याआधीचा इतिहास गाळला तर आपला परिसर असा का दिसतो, हे मुलांना उलगडणार नाही. लंडनच्या स्थानिक कारभाराविषयीच्या 1963 च्या कायद्यानुसार 1 एप्रिल 1965 रोजी मिडलसेक्स काउंटीतील विलस्डेन आणि वेंब्ली या दोन नगरपालिका एकत्र करण्यात आल्या, आणि दोहोंपैकी कोणाचेही नाव न घेता मधून वाहणाऱ्या ब्रेंट नदीचे नाव नव्या बरोला देण्यात आले. नदीच्या दोन्ही बाजूंची घरे, रस्ते आणि माणसे आजही निराळी आहेत.

विलस्डेनची वाढ रेल्वेने केली. 1851 साली तेथे जेमतेम 3 हजार लोक राहत होते. 1901 साली ती संख्या सुमारे 1 लाख 15 हजार झाली. 1866 मध्ये विलस्डेन जंक्शन झाले, 1879 मध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे विलस्डेन ग्रीनला पोहोचली, आणि शेतांच्या जागी एकमेकींना चिकटलेल्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढे यांतील पुष्कळ घरांच्या खोल्या भाड्याने दिल्या जाऊ लागल्या, म्हणून नव्याने लंडनमध्ये येणाऱ्या कष्टकऱ्यांना येथे निवारा मिळाला. किलबर्नमध्ये आयरिश आणि हार्ल्सडेनमध्ये कॅरिबियन वस्ती कशी झाली, याचे उत्तर बऱ्याच अंशी या घरांत आहे.

वेंब्ली त्या वेळी अजून शेतांचेच होते. मेट्रोपॉलिटन रेल्वेचे अध्यक्ष एडवर्ड वॉटकिन यांनी तेथे आयफेल टॉवरपेक्षाही उंच मनोरा बांधायला घेतला, पण पहिल्या टप्प्यापलीकडे तो गेला नाही आणि 1907 मध्ये पाडला गेला. त्याच जागी 1923 मध्ये स्टेडियम उघडले. 1924 आणि 1925 या दोन वर्षांत तेथील ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाला सुमारे 2 कोटी 70 लाख लोकांनी भेट दिली. त्यात हिंदुस्थानचेही दालन होते, हे मुलांना अवश्य सांगावे. त्यानंतरच्या काळात पुढे-मागे बाग असलेली जोडघरे झपाट्याने उभी राहिली आणि शेते संपली. केनियातून 1960 च्या दशकात आणि युगांडातून 1972 च्या हकालपट्टीनंतर आलेल्या भारतीय, विशेषतः गुजराती, कुटुंबांपैकी अनेकांनी अशी घरे घेतली. वेंब्लीतील ईलिंग रोडची बाजारपेठ त्यातूनच बहरली.

यावरून आपल्या वाक्यातील "मुख्यतः गुजराती" हे शब्द मला खटकतात. ते फार तर वेंब्लीच्या काही भागांना लागू पडतील. 2021 च्या जनगणनेत ब्रेंटची लोकसंख्या सुमारे 3 लाख 40 हजार भरली. त्यात सर्व आशियाई वंशांचे मिळून साधारण एक तृतीयांश, जवळजवळ तितकेच गौरवर्णीय आणि सहाव्या हिश्श्याहून थोडे अधिक कृष्णवर्णीय रहिवासी होते. निम्म्याहून अधिक लोकांचा जन्म ब्रिटनबाहेर झालेला होता.

1932 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिलला, म्हणजे जुन्या विलस्डेनच्या हद्दीत आहे. त्याच भागातील ग्रनविक फोटो कारखान्यात 1976 साली जयाबेन देसाई यांच्या पुढाकाराने संप झाला. संपकऱ्यांत पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, आणि क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी त्यांच्यासाठी कारखान्याची टपाल हाताळण्यास नकार दिला. जवळजवळ दोन वर्षांनी संप मागण्या मान्य न होताच संपला. तरीही या बरोचा इतिहास सांगताना मी तो कधीही वगळणार नाही, कारण नदीच्या दोन्ही तीरांवरची माणसे त्यात एकत्र उभी राहिली होती.

विलस्डेनचा टाउन हॉल पाडला गेला, वेंब्लीच्या टाउन हॉलमधून कारभार चालला आणि 2013 पासून तो वेंब्ली पार्कच्या सिव्हिक सेंटरमधून चालतो. आपले केंद्र गेले ही खंत विलस्डेनच्या जुन्या रहिवाशांकडून मी अनेकदा ऐकली आहे, आणि ती मला रास्त वाटते.

आपला,
विलस्डेन ग्रीनचा एक जुना सभासद

---

काकांना नमस्कार.

एक नम्र पुरवणी जोडते. आमचे किंग्जबरी 1934 मध्ये वेंब्लीत विलीन होईपर्यंत स्वतंत्र होते, त्यामुळे केवळ "दोन गावे" म्हटल्यास तिसरे विसरले जाईल. शिवाय 1835 च्या सुमारास नदी अडवून, रीजंट्स कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला वेल्श हार्प जलाशय किंग्जबरीच्या वेशीवरच आहे. नकाशात तो ठळक दाखवावा, म्हणजे मुलांना नदीची जागा चटकन सापडेल.

किंग्जबरीची एक सभासद

---

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वाक्य आता असे केले आहे: "विलस्डेन आणि किंग्जबरीसह वेंब्ली या जुन्या नगरपालिका जोडून 1965 साली ब्रेंट बरो तयार झाला, निम्म्याहून अधिक रहिवासी ब्रिटनबाहेर जन्मलेले आहेत." नकाशात जलाशय घेतला आहे. ग्रनविकसाठी स्वतंत्र पान ठेवते. काका, त्याचा मजकूर आपणच लिहून द्यावा ही विनंती.

शाळेतील शिक्षिका