मदत हवी आहे: गेम आणि एडिटिंगसाठी शांत, देखणा कॉम्प्युटर जोडायचा आहे, तीन जागी अडलो आहे

नमस्कार मंडळी,

सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर स्वतः जोडायचा आहे. महिनाभर वाचून यादी बरीचशी जमवली आहे, पण तीन ठिकाणी निर्णय होत नाहीये. ज्यांनी स्वतःच्या हाताने जोडणी केली आहे, त्यातही ज्यांनी आवाज कमी करण्यासाठी खटपट केली आहे, त्यांचं मत हवं आहे.

आधी गरज सांगतो. दिवसभर व्हिडिओ एडिटिंग, दाविंची रिझॉल्व्हमध्ये. कॅमेऱ्यातून येणारं फुटेज ४के, १०-बिट ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारा, म्हणून उलगडायला जड प्रकार). रात्री तास-दोन तास गेम, १४४०पी मॉनिटरवर. आणि ज्यामुळे हा सगळा खटाटोप चाललाय ती गोष्ट म्हणजे निवेदन. ते मी त्याच टेबलाशी बसून रेकॉर्ड करतो. माइक तोंडापासून वीतभर, कॅबिनेट माइकपासून दोन हातांवर.

आत्ताचं मशीन तयार जोडलेलं घेतलं होतं. पुढे सबंध काच, हवा आत यायला कडेला बोटभर फट, आत रंगीत दिव्यांचे सहा पंखे. दिसायला छान आहे. पण आवाज सलग असता तरी मी चालवून घेतलं असतं, त्रास आहे तो चढउताराचा. क्लिप उघडली की प्रोसेसर क्षणभर तापतो, पंखे हूंऽऽ करत चढतात, तीन-चार सेकंदांत उतरतात. पुढची क्लिप, पुन्हा हूंऽऽ. सलग घरघर नॉइज रिडक्शनने बऱ्यापैकी काढता येते, हा वरखाली होणारा सूर निघत नाही. जोर लावून काढायला गेलं तर बोलण्यातले स आणि श पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येतात. मागे एका निवेदनात 'शेवटचा श्वास' असे शब्द होते. साफ केल्यावर दोन्ही श विरघळून गेले होते. शेवटी मशीन पूर्ण बंद करून तो परिच्छेद मी फोनवर पुन्हा बोललो. त्या दिवशी ठरवलं की पुढचं मशीन शांतच हवं, वेग थोडा कमी मिळाला तरी चालेल.

प्रोसेसरमध्ये एएमडीच्या राइझन ९ ९९५०एक्सवर मन बसलं आहे. १६ कोअर. कागदावर १७० वॉट, प्रत्यक्षात सॉकेटमधून २३० वॉटपर्यंत खेचतो, आणि तेवढी उष्णता शांतपणे बाहेर काढणं अवघड. पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) विजेला मर्यादा घालणारा इको मोड १०५ वॉटवर ठेवला तर कमाल खेच १४२ वॉटवर थांबते. सगळे कोअर शाबूत राहतात, फक्त थोडे सावकाश चालतात. शेवटच्या काही टक्के वेगासाठी वीज फार जाते, त्यामुळे रेंडरचा वेळ विजेच्या मानाने बराच कमी वाढावा असा माझा हिशेब आहे. पहिला प्रश्न हाच: इको मोडमध्ये रोज एडिटिंग करणारं कुणी आहे का? टाइमलाइनवर काम करताना फरक जाणवतो का? की त्यापेक्षा १२ कोअरचा ९९००एक्स घेऊन मोकळं व्हावं?

एएमडीचाच ९८००एक्स३डी घ्या असं बरेच जण सुचवतील. गेमसाठी तो अव्वल आहे, यात वाद नाही. पण कोअर ८ आहेत, माझा दिवस एडिटिंगमध्ये जातो, आणि १४४०पीवर जड गेममध्ये बराचसा भार ग्राफिक कार्डावरच पडतो. इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के क्विक सिंकसाठी (व्हिडिओ उलगडणारा प्रोसेसरमधलाच भाग) बरेच दिवस यादीत होता, कारण ४:२:२ फुटेज उलगडण्याचं काम आधीच्या पिढीतल्या एनव्हिडिया आरटीएक्स ४० कार्डांचा डिकोडर करत नव्हता. आरटीएक्स ५० मालिकेत ती सोय आली आणि इंटेलकडे जायचं माझ्यापुरतं मुख्य कारण संपलं.

त्यामुळे कार्ड आरटीएक्स ५०७० टीआय. मेमरी १६ जीबी, रिझॉल्व्हमध्ये चित्रातले दाणे काढणाऱ्या नॉइज रिडक्शनचे नोड (प्रक्रियेचे टप्पे) चढवले की ती लागतेच. विजेची खेच ३०० वॉट, म्हणजे कॅबिनेटमधली सगळ्यात मोठी शेगडी हीच. ५०८०मध्ये डिकोडर दोन आहेत, ५०७० टीआयमध्ये एक. मी कधीमधी तीन कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र लावतो, म्हणून दुसऱ्या डिकोडरचा मोह होतो. पण ५०८० म्हणजे ३६० वॉट. माझा कल ५०७० टीआयकडेच आहे. मोठ्या हीटसिंकचं, तीन पंख्यांचं, भार नसताना पंखे थांबवणारं मॉडेल घेऊन पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणायची आणि गेममध्ये फ्रेम रेटला मर्यादा घालायची, असा बेत आहे.

दुसरा प्रश्न कॉइल व्हाइनचा. पंख्यांचा आवाज आपल्या हातात असतो, पण कार्डावरच्या कॉइल भाराखाली थरथरून जी बारीक, कानात घुसणारी किणकिण करतात तिचं काय करायचं? गेमच्या मेन्यूमध्ये फ्रेम रेट शेकड्यांत गेला की ती वाढते आणि मर्यादा घातली की कमी होते, एवढं माहीत आहे. अंडरव्होल्टने, म्हणजे कार्डाला कमी व्होल्टेज देऊन, ती खरोखर उतरते का? चांगल्या प्रतीचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) लावल्याने कुणाला फरक पडला आहे का? एकाच मॉडेलची दोन कार्डं वेगवेगळी वाजतात म्हणे, म्हणून मॉडेलच्या नावापेक्षा तुमचा अनुभव ऐकायला आवडेल.

आता कॅबिनेट, माझा सगळ्यात आवडता भाग. मला दिवे नकोत. टेबलावर एखादं चांगलं फर्निचर ठेवल्यासारखं दिसायला हवं. फ्रॅक्टल डिझाइनचं नॉर्थ पाहिलं आणि शोध तिथेच थांबला. पुढे अक्रोडाच्या लाकडाच्या उभ्या पट्ट्या, त्यांच्यामधून हवा थेट आत. कार्डासाठी ३५५ मिमी जागा, कूलरसाठी १७० मिमी उंची. कूलर नॉक्टुआ एनएच-डी१५ जी२, उंची १६८ मिमी. पुठ्ठ्याचा १६८ मिमीचा तुकडा कापून जुन्या मदरबोर्डवर उभा करून बघितला, चांगलाच उंच दिसतो. नॉक्टुआचे तपकिरी-बदामी पंखे अनेकांना आवडत नाहीत. मला ते अक्रोडाशेजारी फार शोभतील असं वाटतं, काळी आवृत्ती मुद्दाम टाळतो आहे. लिक्विड कूलर नको, कारण त्याचा पंप कायम चालू असतो. पंखा मिनिटाला ५०० फेऱ्यांवर आणला की जवळपास नाहीसा होतो, पंपाची गुणगुण मात्र माइक पकडतो.

तिसरा प्रश्न: नॉर्थ काचेच्या बाजूचं घ्यावं की जाळीच्या? काचेतून ते कूलर आणि नीट बांधलेल्या केबल दिसतील, आणि खरं सांगायचं तर ते मला हवं आहे. पण जाळी असेल तर कार्डाला बाजूनेही हवा मिळेल आणि पंखे आणखी सावकाश फिरतील. उलट जाळीतून आतला आवाजही थेट बाहेर येणार, आणि माझा माइक त्याच बाजूला आहे. काहींनी आतून आवाज शोषणारे पत्रे असलेलं डिफाइन ७ सुचवलं. माझं मत असं की आवाज कोंडण्यापेक्षा तो होऊच न देणं बरं. पंख्याची गती अर्धी केली की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि त्याच आवाजाचा दुसरा पंखा शेजारी लावला तर जेमतेम ३ डेसिबल वाढतात. म्हणून थोडे वेगवान पंखे लावण्यापेक्षा १४० मिमीचे जास्त पंखे सावकाश फिरवायचे. पण चुकत असेन तर सांगा, डिफाइनवर मी अजून फुली मारलेली नाही.

बाकी यादी थोडक्यात. रॅम ३२ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर५ ६०००, सीएल३०, बुटक्या हीटसिंकच्या, म्हणजे कूलरखाली बसतील. चार पट्ट्या नाहीत, कारण या प्रोसेसरवर दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५६०० आणि चार लावल्या की तोच ३६०० होतो. साठवणीला दोन एम.२ एसएसडी. एसएमपीएस ८५० वॉट, कमी भारावर पंखा बंद ठेवणारा. मदरबोर्डवर चिपसेटसाठी पंखा नको, एवढीच अट.

भर, दोन दिवसांनंतर: आवाज नक्की कुठून येतो ते शोधायला काल जुन्या मशीनवर प्रयोग केला. रेंडर लावून फोनवरच्या अ‍ॅपने मोजलं, मग पुढची काच काढून पुन्हा मोजलं. फोनचा आकडा अचूक नसतो, पण दोन आकड्यांमधला फरक उपयोगी पडतो. पंखे पाच मिनिटांत खाली आले, आवाज ७ डेसिबलने उतरला. म्हणजे मशीनचा श्वासच त्या काचेने कोंडला होता. मग बायोसमध्ये पंख्यांना चढायला-उतरायला जास्त वेळ दिला, तर ते हूंऽऽही जवळजवळ थांबलं. शेवटी रेंडर बंद करून, मशीन निवांत असताना, कॅबिनेटचे पंखे एकेक करून मधल्या गोल भागावर बोट टेकवून थांबवले, तरी एक खोल घुमघुम उरलीच. ती हार्ड डिस्कची निघाली. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२० फेरे, आणि रेकॉर्डिंगच्या आलेखात बरोबर १२० हर्ट्झवर उभी रेघ दिसते. आजवर मी तिला पंख्यांचा आवाज समजत होतो.

त्यामुळे एक प्रश्न वाढला. जुनं फुटेज १२ टीबी आहे, ते सगळं एसएसडीवर नेणं परवडणार नाही. हार्ड डिस्क घरातल्या दुसऱ्या खोलीत ठेवून नेटवर्कवरून वापरायची म्हटलं तर १ गिगाबिटची वायर एका टाइमलाइनला पुरेल का, की २.५ गिगाबिटचा स्विच आत्ताच घेऊन ठेवावा? चालू प्रकल्प एसएसडीवरच असेल, जुन्यातलं अधूनमधून लागतं तेवढंच.