मलापास्कुआचं बुकिंग आणि टायफून: नंतर लुटालूट झाली तर?

मुठेकाठचा_मासा:
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून आम्ही सहा जण फिलिपिन्समधल्या मलापास्कुआ बेटावर स्कूबा डायव्हिंगला निघालोय, थ्रेशर शार्कसाठी. सगळे अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पुढचा कोर्स झालेले, सहा रात्री, दहा-बारा डाइव्ह. विमानाची तिकिटं झाली, डाइव्ह शॉपला आगाऊ रक्कम गेली, विमा अजून काढलेला नाही. ग्रुपवर एकाने २०१३ च्या टायफूननंतर तिकडच्या टॅक्लोबान शहरात झालेल्या लुटालुटीचे व्हिडिओ टाकल्यापासून निम्मी मंडळी कच खाताहेत.
प्रश्न असा: निघायच्या दोन-तीन आठवडे आधी तिथे मोठं टायफून येऊन गेलं, तर जायचं की नाही हे नेमकं कशावरून ठरवायचं? एवढ्याशा बेटावर लूटमारीचा धोका खरंच असतो का? "काळजी घ्या, शुभेच्छा" छाप उत्तरं कृपया नकोत.

नकाशेवाला_नारायणपेठ:
टॅक्लोबान आणि मलापास्कुआ एका मापाने मोजू नका. वादळ एकच होतं, हैयान, तिकडच्या भाषेत योलांडा. ८ नोव्हेंबर २०१३ ला ते आधी ग्वीआनला धडकलं, मग लेयते बेटावर, जिथे टॅक्लोबान आहे, आणि तिथून सेबू बेटाच्या उत्तर टोकाला दानबांतायानवर. मलापास्कुआ याच दानबांतायानमध्ये येतं. पण टॅक्लोबानला समुद्र पाच मीटरच्या वर चढून शहरात शिरला. मलापास्कुआत मुख्यतः वाऱ्याने छपरं आणि होड्या नेल्या. लूट झाली ती टॅक्लोबानला, आणि का झाली ते बघा: पोलिसांचीच घरं वाहून गेली होती, बरेच जण कामावर येऊच शकले नाहीत, रस्ते ढिगाऱ्याखाली आणि मदत येईना. १२ नोव्हेंबरला जवळच्या अलांगालांगमध्ये लोक सरकारी तांदळाच्या गोदामात घुसले, भिंत कोसळून ८ माणसं गेली. तांदळासाठी! टीव्ही उचलून नेणारेही होते, पण मूळ भूक.

मलापास्कुआ जेमतेम अडीच किलोमीटर लांब. तिथे लुटायला ना मॉल, ना गोदाम, आणि सगळे सगळ्यांना ओळखतात. वादळानंतर अशा ठिकाणी गायब होतं ते पेट्रोल, जनरेटर, बॅटऱ्या, ताडपत्री, दोरखंड आणि पत्रे. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे पत्र्यांना काय भाव आला होता ते आठवा. तुमच्या रेग्युलेटरला, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायच्या उपकरणाला, तिथे गिऱ्हाईक नाही. फोन, रोकड आणि टॉर्च तेवढे सांभाळा, आणि वाळत घातलेलं सामान रात्री आत घ्या.

धोका बेटापेक्षा वाटेवर जास्त. सेबू शहर ते माया बंदर साधारण १३० किलोमीटर, एरवी तीन-चार तास, पुढे होडीने अर्धा-पाऊण तास. हैयाननंतर याच रस्त्याच्या कडेला बायका-मुलं पाट्या धरून अन्नपाणी मागत उभी होती. गाडीतून बिस्किटाचे पुडे फेकायचे नाहीत, पोरं चाकाखाली येतात. द्यायचं तर बरांगायच्या, म्हणजे त्यांच्या ग्रामपंचायतीच्या, कार्यालयात नेऊन द्या. पहाटे निघा, अंधाराच्या आत होडी गाठा.

ठरवायचं कशावरून? पगासा या तिकडच्या हवामान खात्याच्या नकाशावर वादळाच्या मार्गाची रेघ बघा. सेबू बेट उभं, जवळपास २०० किलोमीटर लांब. हैयान उत्तरेवरून गेलं. ओडेट हे टायफून १६ डिसेंबर २०२१ ला सियारगाव बेटावरून येऊन बोहोल बेट आणि सेबूच्या दक्षिण भागावर आलं. उत्तर झोडपली गेली असेल तर सेबूच्याच दक्षिण भागातलं मोआलबोआल, तेही डायव्हिंगचं ठिकाण, हा पर्याय उरतो. पण सेबू शहरच आडवं झालं असेल तर दोन्हीकडचं विसरा. ओडेटनंतर शहरातच पेट्रोलला रांगा, एटीएम बंद, पाण्याची बोंब होती, वीज तर कित्येक भागांत आठवडेच्या आठवडे नव्हती. माझ्या मते पहिली चाळणी ही: सेबू शहरात वीज आणि इंधन सुरळीत आहे का?

हॉपकलाइट:
नकाशेवाल्यांचं पटलं, पण खरी चाळणी डायव्हिंगच्या बाटल्यांत हवा भरणाऱ्या कंप्रेसरची. लुटारू भेटायची शक्यता कमी, खराब हवा मिळायची जास्त.

बेटावरची वीज गेली की सगळं जनरेटरवर येतं. जनरेटर कंप्रेसरच्या शेजारी, वारा फिरला की त्याचा धूर थेट कंप्रेसरच्या इनटेकमध्ये, म्हणजे हवा ओढायच्या तोंडात. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना चव, त्यामुळे "हवा हुंगून बघितली" याला अर्थ नाही. युरोपीय मानकाप्रमाणे श्वसनाच्या हवेत त्याची मर्यादा ५ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ५ भाग. समजा बाटलीत १० पीपीएम आहे. ३० मीटरवर दाब चारपट, म्हणजे शरीरावर पृष्ठभागावरच्या ४० पीपीएमइतका परिणाम. खाली डोकेदुखी, मळमळ सुरू झाली की माणूस पाण्याला आणि नाश्त्याला दोष देतो.

फिल्टर असतो की, असं म्हणाल. कार्ट्रिजमध्ये क्रमाने मॉलिक्युलर सिव्ह ओल शोषतं, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन तेलाचा वास धरतो, आणि हॉपकलाइट हे रसायन मोनॉक्साइडचं डायऑक्साइड करतं. हॉपकलाइट ओलं झालं की निकामी. म्हणजे सिव्ह भरलं की मोनॉक्साइडची राखणही संपली. कार्ट्रिजचं आयुष्य तासांत मोजतात, आणि ते हवेच्या तापमानावर असतं: २० अंशांना जेवढं, ४० अंशांना त्याच्या निम्म्याहूनही कमी. वादळानंतर छप्पर उडालेल्या खोलीत, दमट हवेत चालणारं यंत्र आणि बंदर बंद म्हणून न आलेली नवी कार्ट्रिजं, हा जोड वाईट.

कंप्रेसर खाऱ्या पाण्यात बुडाला होता का, हेही विचारा. तेलाच्या काचेत दुधाळ चहासारखा रंग दिसला तर तेलात पाणी आहे, नुसतं तेल बदलून ते यंत्र धड होत नाही.

बाटल्यांचं: भरलेल्या, व्हॉल्व्ह बंद असलेल्या बाटलीत पाणी शिरत नाही. रिकामी, व्हॉल्व्ह उघडा राहिलेली लाटेत लोळली की शिरतं. बाटली हळूच उलटी करून कान लावा, आत डुचमळतं का ऐका. मग उलटी असतानाच व्हॉल्व्ह किंचित उघडा: पाण्याचे थेंब आले तर ती बाजूला. डाइव्हनंतर रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी असलेला बारीक फिल्टर बघा. हिरवट असेल तर ओल आणि पितळेचा गंज, तांबूस भुकटी असेल तर पोलादी बाटली आतून गंजलीय. अशी बाटली महिनोन् महिने भरून पडलेली असेल तर गंज आतला ऑक्सिजनही खातो.

सहा जणांत मिळून एक हातातलं मोनॉक्साइड मीटर घ्या. प्रत्येक बाटली, प्रत्येक वेळी, रेग्युलेटर लावायच्या आधी.

कॅम्पातला_कागद:
विमा आज काढा, उद्यावर टाकू नका. वादळाला नाव पडलं की ती "आधीच माहीत असलेली घटना" होते, त्यानंतर काढलेली पॉलिसी त्या वादळाचे पैसे सहसा देत नाही. आपल्याकडच्या प्रवास विम्यात दंगल, नागरी अशांतता आणि साहसी खेळ हे तीन शब्द अपवादांच्या पानावर शोधा, जाहिरातीच्या पानावर नाही. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेचा डायव्हिंग विमा अपघाताच्या उपचारांसाठी, सहल रद्द झाल्याचे पैसे त्याच्या मूळ योजनेत धरू नका. दोन्ही लागतात.

विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पैसे परत. उड्डाण चालू आणि तुम्ही घाबरून घरी बसलात तर नाही. म्हणून घाईने रद्द करू नका. शॉपशी मात्र आजच लेखी बोला: बंदर बंद असेल तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळती होईल का?

पेसो पुण्यात सहज मिळत नाहीत. कोरे, न दुमडलेले डॉलर न्या, विमानतळावर थोडेच बदला, बाकी सेबू शहरात. नोटा लहान घ्या, होडीवाल्याकडे सुटे नसतात. बेटावर कार्डावर आणि एटीएमवर विसंबू नका.

आणखी एक खाच. भारतीयांना जून २०२५ पासून १४ दिवस व्हिसाशिवाय प्रवेश आहे, पण तो वाढवून मिळत नाही. तुमच्या सहा रात्रींना पुरेसा आहे, मात्र वादळात अडकलात तर ते दिवसही यातच मोजले जाणार. रीतसर व्हिसा काढला तर ही टांगती तलवार राहत नाही.

मुठेकाठचा_मासा:
मीटरचं डोक्यातही नव्हतं. शॉपला पाठवायचा मसुदा केलाय: माया बंदर कोस्ट गार्डने उघडलं का, कंप्रेसर बुडाला होता का, कार्ट्रिज कधी बदललं, इनटेक कुठे आहे. अजून काय घालू?

हॉपकलाइट:
ऑक्सिजन. नुसतं "आहे का" असं विचारू नका, "भरलेल्या किती आणि केवढ्या" असं विचारा. डीकंप्रेशनचा त्रास, म्हणजे वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे, झाला तर त्यावर उपचार करणारा दाबाचा चेंबर सेबू शहरात. होडी, गाडी, वाटेतला खोळंबा धरून पाच तास. १५ लिटर प्रति मिनिट म्हणजे ४५०० लिटर. नेहमीची ई आकाराची बाटली सुमारे ६८० लिटरची, पाऊण तासात संपते. म्हणजे एका माणसाला सात बाटल्या. आपल्याकडची बी टाइप धरली, कोविडात सगळ्यांनी पाहिलेली, तर तीन. डिमांड व्हॉल्व्हचा, म्हणजे श्वास घेतला तरच ऑक्सिजन सोडणारा, मास्क असेल तर कमीत भागतं. वादळानंतर ऑक्सिजन आधी रुग्णालयांकडे जातो आणि तसाच जायला हवा. शॉपकडे दोनच बाटल्या असतील तर दिवसाला दोन डाइव्ह, डीकंप्रेशनच्या मर्यादेपासून चांगलं लांब. चेंबर चालू आहे का, हा फोन तुम्ही स्वतः करा.

नकाशेवाला_नारायणपेठ:
आणि पाणी. आपत्तीत माणशी रोज किमान १५ लिटर असा मदतकार्याचा दंडक आहे. सहा जणांचं सामान दोनदा गोड्या पाण्यात खळखळवलं की तेवढं सहज उडतं. पाणी कुठून येतंय ते विचारा. गावाच्या टँकरमधून येत असेल तर रेग्युलेटर ओल्या फडक्याने पुसा, वेटसूट खारटच घाला. शेजारी रिकाम्या कॅनची रांग लागलेली असताना पर्यटक वेटसूट धुताहेत, बेटावर भांडण पेटायचं तर ते इथेच पेटेल.