बी.ए.ला इंग्लिश घेतलंय, पहिलं पुस्तक कोणतं? बाजारातलं गाईड नकोच म्हणायलो मी

उदगीरकर:
भाचीनं यंदा बी.ए.ला इंग्लिश ऑप्शनल घेतलंय, बारावीपर्यंत सगळं मराठी मीडियम. सीनियर पोरी तिला सांगायल्यात की प्रश्नोत्तराचं गाईड घे, जुने पेपर सोडव, झालं काम. माझं म्हणणं, बी. प्रसाद यांच्या 'बॅकग्राउंड'पासून (इंग्रजी साहित्याची तोंडओळख करून देणारं पुस्तक) सुरू करावं. कविता, नाटक, गद्य असे सरळ भाग पाडलेत आणि सॉनेट, ओड, ट्रॅजेडी कशाला म्हणतात ते सोप्या इंग्रजीत सांगितलंय. जोडीला अब्राम्सची ग्लॉसरी, म्हणजे साहित्यातल्या संज्ञांचा कोश, ठेवायची. १९५७ पासून चालत आलेलं पुस्तक आहे, एखाद्या शब्दावर अडलं की तेवढंच पान उघडायचं. गाईड पाठ करून पास होतील हो, पण पुढं प्राध्यापकीच्या सेट-नेट परीक्षेला बसल्यावर हीच लेकरं अडकतात, आमच्या भागात लई बघितलंय.

मांजराकाठ:
दादा, नाही पटलं. आधी व्याख्या अन् मग कविता, हे उलटं झालं. शेक्सपिअरचं अठरावं सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता, घ्या. आपल्या देखण्या तरुण मित्राला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा द्यायची का असं कवी विचारतो, आणि उन्हाळा फार थोडे दिवस टिकतो अशी तक्रार करतो. लातूरच्या मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या पोरीला हे कसं पटावं? तिकडचा उन्हाळा सुखाचा, सगळे वाट बघत असतात, हे आधी कळलं पाहिजे. मग नवव्या ओळीत 'बट' (पण) येतो आणि कवी म्हणतो तुझा उन्हाळा मात्र कधी सरणार नाही, तिथं कविता वळते. हे वळण पोरीला स्वतःला सापडू द्या, त्याला काय म्हणतात ते नंतर ग्लॉसरीत बघता येतं. चौदा ओळी अन् यमकाची रचना पाठ करून यातलं काहीच हाती लागत नाही.

परभणीची मास्तरीण:
तुम्ही दोघंही गाईडला फार नावं ठेवताय. माझ्या वर्गात घरातलं पहिलंच कॉलेजला आलेलं लेकरू असतं, लायब्ररीत चांगल्या पुस्तकाची एखादी कॉपी, ती पण कुणीतरी नेलेली. मराठीत अर्थ दिलेलं स्वस्त गाईड त्याला निदान कवितेच्या दारापर्यंत नेतं. ते पण हातातून काढून घेतलं तर पोरं दिवाळीपर्यंत विषयच बदलून मोकळी होतात.

उदगीरकर:
मॅडम, मराठी अर्थाला माझा विरोध नाहीच, तो पाहिजेच. विरोध आहे तो तयार उत्तराला. अर्थ कळला की पोरगं स्वतः चार ओळी लिहील, चुकीच्या का असेना, पण तयार उत्तर समोर असलं की कविता उघडून बघायचंच बंद होतं.

किनवटचा वाचक:
साहित्याच्या अभ्यासाची ओळख करून देणारं हडसनचं 'इंट्रोडक्शन' कुणी सुचवलं नाही ते बरं झालं. गंभीर पुस्तक आहे, पण १९१० चं. एलियटची 'द वेस्ट लँड' ही गाजलेली आधुनिक कविता आली १९२२ ला, म्हणजे त्या पुढचं त्यात काही मिळणारच नाही. पीटर बॅरीचं 'बिगिनिंग थिअरी' (समीक्षेच्या सिद्धांतांची ओळख) मात्र घ्या, १९९५ चं आहे, मार्क्सवादी किंवा स्त्रीवादी समीक्षक नेमकं करतात काय ते मुद्दे पाडून दिलंय.

मांजराकाठ:
बॅरी पहिल्या वर्षाला नको हो! चार कविता, एखादी कादंबरी नीट वाचलेली नसताना थिअरी लावायची कशाला? तिसऱ्या वर्षाला द्या, तेव्हा खरंच कामाला येतं.

परभणीची मास्तरीण:
याला मात्र माझा दुजोरा. उदगीरकर दादा, भाचीला 'बॅकग्राउंड' द्या, पण पहिल्या महिन्यात त्यातला फक्त कवितेचा भाग, आणि ज्या प्रकाराबद्दल वाचलं त्यातली एक तरी कविता त्याच दिवशी मोठ्यानं वाचायला लावा.