'काउंटी'ला जिल्हा म्हणायचं का? (मॉनमथ काउंटी, न्यू जर्सी)

मूळ प्रश्न, मार्लबरोहून

नमस्कार मंडळी. इथल्या रविवारच्या मराठी शाळेतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी मी 'आपली काउंटी' असा दोन पानी धडा लिहितेय आणि पहिल्याच वाक्याला अडलेय. लिहिलं होतं, "मॉनमथ हा न्यू जर्सीच्या २१ जिल्ह्यांपैकी एक किनारी उपनगरी जिल्हा आहे." सासूबाईंनी वाचलं आणि विचारलं, मग इथला कलेक्टर कुठे बसतो गं? मला उत्तर देता येईना. तेव्हापासून जिल्हा हा शब्दच बरोबर आहे का असं वाटायला लागलंय. परगणा म्हणू, की सरळ काउंटीच ठेवू? शिवाय टाउनशिप, बरो, नेक, हूक हे सगळे शब्द पुढे आहेतच. जाणकारांनी मदत करा प्लीज, मुलांना चुकीचं काही शिकवायचं नाहीये.

पुण्याहून

ताई, जिल्हाच लिहा, बिनधास्त. आपला जिल्हा मूळ अरबी, तिथे त्याचा अर्थ बरगडी, बाजू. काउंटी आलं फ्रेंचमधून, काउंट म्हणजे उमराव आणि त्याच्या ताब्यातला मुलूख ती काउंटी. आता आपल्या जिल्ह्यात बरगडी उरली नाही आणि अमेरिकेत तर उमराव कधी नव्हतेच, इंग्रज वसाहतवाले तो शब्द बोटीतून सोबत घेऊन आले इतकंच. दोन्ही शब्दांचा आजचा अर्थ एकच, राज्याचा एक भाग. परगणा मात्र नको, तो शब्द ऐकला की डोळ्यांसमोर देशमुख-देशपांडे आणि वसुली उभी राहते. आणि अमेरिकेतही सगळीकडे काउंटी नाहीच, लुइझियानात त्याला पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो.

फ्रीहोल्डहून

मी काउंटीच्या मुख्य ठिकाणीच राहतो, त्यामुळे काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. इथे कलेक्टर नाही. वरून नेमलेला असा एकच अधिकारी जो जमीन महसूल, कायदा-सुव्यवस्था, निवडणूक सगळं बघतो तो प्रकारच नाही. पाच कमिशनर लोक निवडून देतात, तीन वर्षांसाठी, शेरीफ म्हणजे कायदा-सुव्यवस्था आणि तुरुंग बघणारा अधिकारी, तोही मतदानाने, काउंटी क्लार्कही मतदानाने. म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या जवळ जाणारं काहीतरी, पण शेरीफ आणि तुरुंगासकट.

पण खरी गंमत पुढे आहे आणि ती शब्दचर्चेत यायलाच हवी. या कमिशनरांना २०२० संपेपर्यंत कमिशनर म्हणत नव्हते, 'चोझन फ्रीहोल्डर' म्हणायचे! अख्ख्या अमेरिकेत फक्त न्यू जर्सीत. फ्रीहोल्डर म्हणजे स्वतःच्या मालकीची, कुणाचं कूळ नसलेली जमीन असणारा, आणि हा शब्द त्या काळातला जेव्हा जमीन असेल त्यालाच कारभारात जागा मिळायची. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला नाही, बायकांना नाही, गुलामांचा तर प्रश्नच नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गव्हर्नर फिल मर्फींनी कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी २०२१ पासून सगळ्या २१ काउंट्यांमध्ये पाट्या बदलल्या. मतपत्रिकेवर तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं हे आमच्या फ्रीहोल्ड गावाचं काहीतरी आहे, कारण गावाचं नावही त्याच शब्दावरून. मराठीत याला काय म्हणाल?

साताऱ्याहून

फ्रीहोल्डहून लिहिणाऱ्या दादांना, याला आपल्याकडे तयार शब्द आहे, मिरासदार. वतनदार नको, वतनात काहीतरी चाकरी किंवा हक्क जोडलेला असतो, पाटीलकी म्हणा कुलकर्ण म्हणा. मिरासदार म्हणजे ज्याची जमीन पिढीजात त्याची, सारा भरला की त्याला कुणी उठवू शकत नाही आणि ती विकताही येते. याच्या उलट उपरी, बाहेरून आलेला, आज आहे उद्या नाही. गावच्या बैठकीत मान मिरासदाराला, उपऱ्याला नाही. आज आपण एखाद्याला 'उपरा' म्हणतो त्यातला डंख तिथूनच आलाय. तेव्हा ताई, मुलांना सांगा की २०२० पर्यंत तुमची काउंटी 'निवडलेले मिरासदार' चालवत होते आणि मग ठरलं की उपऱ्यांचीही ती तितकीच आहे. मला तर हे वाचून फार बरं वाटलं, शब्द बदलला की काही बदलत नाही असं म्हणणाऱ्यांना हे दाखवायला हवं.

मालाडहून

'उपनगरी जिल्हा' यावर थोडं. आमचा जिल्हा तर कागदोपत्रीच 'मुंबई उपनगर', १९९० ला मुंबई शहरापासून वेगळा काढला, आणि किनाराही आहे, मालवणी मढ मार्वे सगळं. पण २०११ च्या जनगणनेत आम्ही ९३ लाखांच्या वर. मॉनमथची २०२० ची लोकसंख्या बघितली, ६,४३,६१५. म्हणजे उपनगर हा एकच शब्द, पण माझ्या मुलीला उपनगर म्हटलं की ८.१७ ची फास्ट लोकल आणि वीस मजली टॉवर दिसतो आणि ताईंच्या विद्यार्थ्यांना घर, पुढे हिरवळ, दोन गाड्या. शब्द बदलू नका पण एक वाक्य नक्की घाला.

मार्लबरोहून

हे मस्त सांगितलंत, घालतेच. लोकसंख्येचा पॅरा आत्ता असा आहे: १९५० मध्ये साधारण सव्वादोन लाख, १९७० मध्ये साडेचार लाखांच्या वर, वीस वर्षांत दुपटीहून जास्त, कारण मधल्या काळात गार्डन स्टेट पार्कवे झाला आणि बटाट्याच्या शेतांवर घरं उभी राहिली, लोक न्यूयॉर्कला नोकरीला आणि झोपायला इथे. आमच्या मॅटावान स्टेशनावरून सकाळच्या गाडीला अजून तीच गर्दी असते, आणि हायलँड्सहून फेरीबोटीने मॅनहॅटनला जाणारेही आहेत. मार्लबरो नावाचंही कळलं, 'मार्ल' म्हणजे इथल्या जमिनीतली हिरवट खनिज माती, शेतकरी ती खणून खत म्हणून शेतात टाकायचे. तिला मराठी शब्द?

पुण्याहून

एकच शब्द शोधू नका, 'हिरवी खतमाती' म्हणा, मुलांना लगेच कळेल.

आणि टाउनशिप मात्र टाउनशिपच ठेवून खाली खुलासा द्या, कारण पुण्यात टाउनशिप म्हणजे बिल्डरची कुंपणातली वसाहत, स्विमिंग पूलसकट. तिथे ती स्वतःचा कर लावणारी स्थानिक संस्था.

फ्रीहोल्डहून

बरोबर, आणि टाउनशिप, बरो वगैरे सगळ्या धरून काउंटीत अशा ५३ स्थानिक संस्था आहेत! मिडलटाउन टाउनशिप ६७ हजारांची आणि लॉक आर्बर नावाचं गाव अवघ्या दोनअडीचशे माणसांचं, पण दोघांचा कारभार वेगळा. न्यू जर्सीत कुठल्या ना कुठल्या गावच्या हद्दीत नसलेली जमीनच नाही. इथला बरो म्हणजे अलास्कासारखी काउंटी नव्हे, छोट्या गावाची स्थानिक संस्था, तिला मी नगरपंचायत म्हणेन.

अलिबागहून

आता समुद्राकडे या की जरा, एवढी किनाऱ्याची काउंटी आणि सगळे जमिनीवरच भांडताय. ताई, 'सँडी हूक'चं भाषांतर 'वाळूचा आकडा' असं करू नका, तो हूक माशाच्या गळाचा नाहीच. ते डच 'हुक', म्हणजे कोपरा, जमिनीचं टोक. आपल्या भूगोलात याला नेमका शब्द आहे, वाळूचा दांडा. किनाऱ्याला समांतर प्रवाह वाळू ओढत नेतो आणि टोकाला टाकत राहतो, दांडा वाढत जातो. सँडी हूकवर १७६४ साली दीपगृह बांधलं, अमेरिकेतलं चालू असलेलं सगळ्यात जुनं, तेव्हा ते दांड्याच्या टोकापासून ५०० फुटांवर होतं. आज टोक तिथून सुमारे दीड मैल पुढे गेलंय! दीपगृह जागचं हललं नाही, जमीन पुढे गेली. मुलांना तिथे नेऊन दीपगृहापासून टोकापर्यंत चालायला लावा, दांडा म्हणजे काय ते पायांनाच समजेल.

दुसरं, नॅव्हसिंक रिव्हर आणि श्रूझबरी रिव्हर. नावात रिव्हर असलं तरी दोन्हीत भरती-ओहोटीचं खारं पाणी शिरतं, म्हणजे कोकणातला कुठलाही माणूस त्यांना नदी म्हणणार नाही, त्या खाड्या. काठाची गवताळ दलदल ती खाजण. आणि 'नेक' म्हणजे दोन खाड्यांमधला जमिनीचा पट्टा, त्याला मान म्हणू नका, तसंच सांगा. हे शब्द पुस्तकी नाहीत, आमच्याकडे रोज वापरतात.

मार्लबरोहून

दादा, तुम्ही तर माझा अर्धा धडा लिहून दिलात. सी ब्राइट गाव असंच आहे, एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला श्रूझबरी खाडी, मध्ये अगदी चिंचोळी पट्टी, २०१२ च्या सँडी वादळात दोन्हीकडून पाणी आलं होतं.

आणखी एक. इथले जुने लोक उन्हाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पर्यटकांना 'बेनी' म्हणतात, चांगल्या अर्थाने नाही. चाकरमानी चालेल का?

अलिबागहून

छे छे, अजिबात नाही. चाकरमानी गावचाच, त्याची वाट बघतात लोक, गणपतीला तो आला नाही तर घर ओस वाटतं. बेनी तसाच ठेवा.

साताऱ्याहून

इतिहासात काय घेतलंय? लढाई सोडू नका.

मार्लबरोहून

घेतलीय ना. आधी इथले मूळ रहिवासी लेनापी लोक, मॅटावान, मॅनस्क्वान, मॅनालापन ही गावांची नावं त्यांच्या भाषेतली, ते मी सगळ्यात वर ठेवलंय. मग १६६५ ची सनद, लाँग आयलंड आणि ऱ्होड आयलंडहून आलेले क्वेकर आणि बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथांचे लोक, १६८३ ला काउंटी, १८५० ला दक्षिणेचा भाग तोडून ओशन काउंटी केली. आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली २८ जून १७७८ ची मॉनमथची लढाई, वॉशिंग्टन विरुद्ध इंग्रज सेनापती क्लिंटन, इतकं ऊन की सैनिक गोळीपेक्षा उष्म्याने पडले म्हणतात, नंतर इंग्रज फौज सँडी हूकवरूनच बोटीत बसून न्यूयॉर्कला गेली. मॉली पिचरची गोष्टही तिथलीच, पिचर म्हणजे पाण्याचं भांडं, तोफांवरच्या माणसांना पाणी नेऊन देणाऱ्या बाईला पडलेलं नाव. 'कळशीवाली मॉली' लिहिलंय, चालेल?

साताऱ्याहून

चालेल काय, धावेल!

मार्लबरोहून

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरुवात आता अशी केलीय: "मॉनमथ हा न्यू जर्सीचा एक जिल्हा. इथे कलेक्टर नसतो, पाच जण निवडून येतात. याच्या ईशान्येच्या कोपऱ्यात वाळूचा एक लांब दांडा समुद्रात गेला आहे आणि तो अजून वाढतो आहे." सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, आता दांडा बघायला कधी नेतेस ते सांग. शनिवारी जातोय.