बारावीनंतर स्लीप टेक्नॉलॉजी, मानसशास्त्र की फिजिओथेरपी असिस्टंट? भाचीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात आशा म्हणून काम करते. प्रश्न माझ्या भाचीचा आहे. यंदा बारावी सायन्स झाली. नीट दिली होती, गुण बेताचेच आले, त्यामुळे एमबीबीएसचा विषय संपला. आता घरात तीन माणसांची तीन मतं आहेत आणि हातात दिवस थोडे. जरा सविस्तर लिहिते, कारण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

भावोजी, म्हणजे भाचीचे वडील, मच्छीमार. दोन वर्षांपूर्वी पहाटे सुकाणूवर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला आणि होडी खडपाच्या अंगाला गेली. बरोबरच्या खलाशाने ओरडून उठवलं म्हणून निभावलं. रात्रभर घोरायचं आणि दिवसा पेंगायचं, हे आम्ही इतकी वर्षं दर्यावरच्या जागरणावर ढकलत होतो. मी स्वतः घरोघरी तब्येती विचारत फिरते, पण घरातल्या माणसाचं हे लक्षण मला कळलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. शेवटी गेल्या जूनमध्ये, मासेमारी बंदीच्या दिवसांत, त्यांना कोल्हापूरला स्लीप स्टडीसाठी, म्हणजे रात्रभर झोपवून झोप आणि श्वास तपासतात त्या चाचणीसाठी, नेलं. "माका काय्येक झाला नाय, जरा घोरतंय इतक्याच," हे फोंडा घाट चढून होईपर्यंत चालू होतं. रात्री सोबतीला भाची थांबली.

तिथल्या टेक्निशियन ताईंनी टेपने डोकं मोजून लाल पेन्सिलीने खुणा केल्या, एकेक जागा खरखरीत पेस्टने घासली आणि वायरी चिकटवल्या. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, नडग्यांना. छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी नळी. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला तर आकडाच येईना. जाळी ओढून ओढून भावोजींच्या बोटांची कातडी जाड झालेली. तीन बोटं बदलली, शेवटी करंगळीवर जमलं. मग ताई रात्रभर शेजारच्या खोलीत पडद्यासमोर जाग्या. भाचीला थोडा वेळ जवळ बसू दिलं आणि समजावूनही सांगितलं. पडद्यावरचं एक पान तीस सेकंदांचं, म्हणजे आठ तासांची ९६० पानं. प्रत्येक पान तपासून झोप कुठल्या टप्प्यात होती, श्वास कुठे अडला, ते नोंदवायचं. श्वास निदान दहा सेकंद थांबला तरच तो धरायचा. भावोजींचा श्वास तासाला ३८ वेळा अडत होता. हा आकडा ३० च्या वर गेला की हा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, तीव्र समजतात. आता ते सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वास अडू न देणारं) लावून झोपतात, आणि माझ्या ताईलाही, म्हणजे भाचीच्या आईलाही, रात्रीची झोप लागते.

तेव्हापासून पोरीचं एकच पालुपद, "मावशे, माका ह्याच शिकाचा हा."

तिने इंटरनेटवर अमेरिकेतल्या कॉलेजांची माहिती काढली. तिकडे स्लीप टेक्नॉलॉजी आणि फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट हे दोन्ही कॉलेजात रीतसर शिकवतात. असिस्टंटचा कोर्स साधारण दोन वर्षांचा, त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना, आणि काम थेरपिस्टच्या देखरेखीखाली. स्लीपवाल्यांची आरपीएसजीटी नावाची वेगळी परीक्षा आहे. हे वाचून ती हरखली. मला मात्र धास्ती वाटते ती तिकडचं नाव लावून इकडे काहीही विकलं जातं याची.

तसंच झालं. तालुक्याच्या गावातल्या एका संस्थेने 'फिजिओथेरपी असिस्टंट डिप्लोमा' सांगितला. एक वर्ष, शनिवार-रविवार चार-चार तास, फी ८५ हजार, पैकी २० हजार ३१ जुलैच्या आत. भावोजींना हे पटलंय, कारण पोर घरी राहील. मी हिशेब केला. आठवड्याला आठ तास म्हणजे वर्षभर एकही सुट्टी न घेता ४१६ तास. २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीने काम करणाऱ्या तंत्रज्ञ-सहाय्यकांसाठी, किमान २००० तास आणि किमान दोन वर्षांचं शिक्षण धरतो. हे विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, असिस्टंटला कुठे कायदा लागतो?"

फिजिओथेरपीची गरज नाही असं माझं म्हणणं नाही. उलट ती मी रोज बघते. माझ्या वाडीत एका आजोबांना अर्धांगवायू झाला. जीव वाचला, पण हात हलवून घ्यायला कोणी नव्हतं. तीन महिन्यांत खांदा असा आखडला की सदरा घालताना ते लहान मुलासारखे रडतात. घरच्यांनी तोच हात धरून त्यांना उठवून बसवायचं, त्याने दुखणं आणखी वाढलं. म्हणूनच वाटतं, हे काम शिकायचं तर पूर्ण शिकावं. आपल्याकडे फिजिओथेरपीची बीपीटीएच ही पदवी आहे, चार वर्षं आणि वर इंटर्नशिप. प्रवेश नीटच्या गुणांवर, केंद्रीय फेरीतून. त्या फेरीतून प्रवेश मिळाला तर २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन देतं. दाखले काढून ठेवलेत.

ताईचं मत मानसशास्त्राचं, बीए जवळच्या कॉलेजात होईल म्हणून. विषय भाचीला आवडतो. पण बीएनंतर एमए, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलची मान्यता असलेलं पुढचं प्रशिक्षण आणि नोंदणी. तेवढी वर्षं थांबायची घरची ऐपत नाही.

स्लीप लॅब टेक्नॉलॉजिस्टचं नाव त्याच २०२१ च्या कायद्यात ईईजी, ईएमजी (मेंदूच्या आणि स्नायूंच्या विद्युत लहरींच्या तपासण्या) टेक्नॉलॉजिस्टच्या ओळीत आहे. म्हणून विचारते, न्यूरो किंवा रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन स्लीप लॅबमध्ये गेलेलं इथे कोणी आहे का? कोर्स चालू असताना लॅबमध्ये प्रत्यक्ष किती रात्री काढायला मिळाल्या? आणि बेताच्या गुणांवर शेवटच्या फेरीत बीपीटीएच मिळालेल्या मुलामुलींचा अनुभवही हवा आहे. शिकून तिने सिंधुदुर्गात परत यावं ही माझी इच्छा आहे, पण त्यापायी तिचं नुकसान करायचं नाही.

भर, रात्री साडेनऊ: सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्यात स्लीप लॅबमध्ये असलेल्या एका सदस्यांनी कळवलं की त्या आधी ईईजी टेक्निशियनचं शिकल्या, मग लॅबमध्ये लागल्या. त्यांनी सुचवल्याप्रमाणे संस्थेकडे संलग्नतेचं पत्र मागितलं. "फी भरा, मग दाखवतो," म्हणाले. २० हजार भरणार नाही, हे भावोजींनाही आता पटलंय. बीपीटीएचसाठी केंद्रीय फेरीची नोंदणी करतोय, सोबत न्यूरो टेक्नॉलॉजीचे दोन अर्जही.

एक प्रश्न मात्र उरलाच. ताईला काळजी रात्रपाळीची आहे. मुलगी रात्रभर अनोळखी पेशंटजवळ एकटी कशी राहणार, असं ती विचारते. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी, विशेषतः बायकांनी, रात्री लॅबमध्ये आणखी कोण असतं आणि सकाळी हॉस्टेलवर परतायची सोय कशी होते, ते जसं असेल तसं सांगा. उत्तरं मी ताईला वाचून दाखवणार आहे.